मदत हवी आहे : आप्पांच्या फोटोतला आठ चाकांचा ट्रक कोणता?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरकडचे. वडील, म्हणजे आमचे आप्पा, फौजेत ड्रायव्हर होते. पेटी आवरताना त्यांचा राजस्थानातला एक फोटो मिळाला, मागे फक्त ‘१९८९’ लिहिलंय. आप्पा आता नाहीत, विचारणार कुणाला?

फोटोत चार धुऱ्यांचा, आठ चाकांचा रिकामा ट्रक आहे. चाकं खालून आत वळलेली, फेंगड्या पायांच्या म्हशीसारखी! मला आधी वाटलं, धुराच मोडलाय. मग वाचलं की चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीच्या ट्रकची घडणच तशी. मधोमध कण्यासारखी एक जाड नळी, तिच्यातून फिरणारा दांडा, आणि प्रत्येक चाकाचा अर्धा धुरा सुटा हलतो. गाडी रिकामी असली की चाकं अशी आत येतात, माल भरला की सरळ होतात. ही कल्पना १९२३ च्या छोट्या टाट्रा ११ मोटारीतली, टाट्राचे अभियंते हान्स लेडविंका यांची. सोव्हिएत बनावटीचा आठचाकी ट्रक माझ-५४३ नक्की नाही. त्याला दोन वेगळ्या केबिन असतात.

भारतात १९८६ पासून बीईएमएल या सरकारी कंपनीने टाट्रा बांधले. मग हा टाट्राचा टी-८१५ असावा का? की १९६७ पासून निघालेला जुना टी-८१३? केबिनवरून फरक कसा ओळखायचा? स्टिअरिंग डावीकडे दिसतंय, त्याचा काही उपयोग?

बेळगाव, निपाणी, चंदगड भागातल्या माजी सैनिकांपैकी कुणी हा चालवला असेल तर जरूर सांगा. फोटो कमेंटमध्ये टाकतो.