मदत हवी आहे: कॅट ६ की कॅट ८? आज रात्रीच ठरवायचं आहे

ध्वनीवेडी:
नमस्कार मंडळी. मागच्या खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं आणि तिथे नेट फार रखडतं. नवी केबल टाकायचं ठरवलंय. कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल घेऊ की सरळ कॅट ८? बजेट फार नाही, पण एकदाच काय ती चांगली टाकावी असं वाटतं. वायर ओढणारा उद्या सकाळी नऊला येतोय. कृपया लवकर सांगा, आणि वाय-फाय सुचवू नका, ते करून झालंय.

जुना_वायरमन:
ताई, अंतर किती? केबल घरातूनच जाणार की उघड्यावरून? सध्या कोणती आहे? किती स्पीड मिळतो, किती हवा? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

निवांत_नेटकर:
केबलच्या भानगडीत पडूच नका. चांगली मेश सिस्टिम (घरभर वाय-फाय पसरवणारी युनिट) घ्या, तीन युनिट लावा, विषय संपला. माझ्याकडे दोन वर्षं मस्त चालू आहे.

ध्वनीवेडी:
@निवांत_नेटकर वाय-फाय नको असं लिहिलंय की वर! मधे दोन जाड भिंती आहेत.
@जुना_वायरमन अंतर फार नाही, अंगणापलीकडचीच खोली. कॅट ८ सगळ्यात नवीन म्हणजे सगळ्यात चांगली ना? तेवढंच सांगा.

शून्य_एक:
नाही. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी आहे. सेकंदाला २५ आणि ४० गिगाबिट वेगासाठी बनवलेली, पण ती हमी फक्त ३० मीटरपर्यंत. तुमच्या राउटरला आणि लॅपटॉपला तेवढ्या वेगाचं पोर्टच नसणार. जाड, ताठ केबल, वळवताना हात दुखतात. पैसे वाया.

तांबडी_तार:
मग कॅट ७ घ्या. मी सगळ्या घरात टाकली आहे, शिल्डिंग (तारांभोवतीचं धातूचं आवरण) जबरदस्त, एकदाही तक्रार नाही.

शून्य_एक:
@तांबडी_तार चालते याबद्दल वाद नाही, पण कॅट ७ ला अमेरिकन टीआयए या मानक संस्थेने कधी मान्यताच दिली नाही. तिच्यासाठी जीजी४५ आणि टेरा असे वेगळे कनेक्टर होते. आपण तिला साधा आरजे४५ (नेटचा नेहमीचा प्लग) लावतो, मग ती फार तर कॅट ६ए चं काम करते. शिवाय त्या शिल्डिंगला नीट अर्थिंग केलेलं नसेल तर उपयोगाचं कमी, त्रासाचं जास्त. तुम्ही केलंय का?

तांबडी_तार:
अर्थिंग वगैरे मी पाहिलेलं नाही. चालतंय तर चालतंय. प्रत्येक गोष्ट कागदावरच्या मानकाने मोजायची का?

जुना_वायरमन:
मोजायचीच. मानक म्हणजे कोणीतरी आधी मोजून ठेवलेलं असतं. ताईंसाठी सरळ सांगतो. १ गिगाबिट हवं असेल तर चांगल्या तांब्याची कॅट ५ई सुद्धा १०० मीटर नेते. त्या शंभरात ९० मीटर भिंतीतली पक्की तार आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या केबल) धरतात. १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत, बऱ्याच केबल एकत्र बांधल्या असतील तर त्याहून कमी. पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट ६ए. म्हणून मीटर विचारतोय. दोरी घेऊन मोजा, डोळ्याने नको. भिंतीवरून चढणं-उतरणंही धरा.

ध्वनीवेडी:
आत्ता टॉर्च घेऊन मोजून आले. डोळ्याने चाळीस वाटत होतं, राउटरपासून छपराखालून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ६२ मीटर भरलं. अंगणातला भाग उघड्यावर आहे. जुनी केबल करड्या रंगाची, वर कॅट ६ छापलंय. चार वर्षांपूर्वी टाकली होती. आणि हो, नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) आहे, पण या खोलीत ९४-९५ च्या वर कधीच जात नाही. घरातल्या सर्व्हरवरून गाण्याचे ट्रॅक ओढताना सेकंदाला ११ मेगाबाइट. एक सेशन उघडायला चहा होतो. म्हणून तर नवी केबल!

प्रकाशवाट:
६२ मीटर, उघड्यावरून, दोन वेगळ्या इमारती? फायबर, म्हणजे काचेची तार. दुसरा विचारच नको. आमच्याकडे पावसाळ्यात जवळच वीज कोसळली. आमच्यावर पडली नव्हती, तरी अंगणातून जाणाऱ्या तांब्याच्या तारेवाटे झटका आत आला आणि स्विचचे दोन पोर्ट नि एक कॅमेरा त्या क्षणी गेले. काचेतून वीज येत नाही. सिंगल मोड प्रकारची फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा. आज १ गिगाबिट, उद्या फक्त टोकं बदलून १०.

जुना_वायरमन:
वीज हा मुद्दा खरा, मान्य. पण फायबर प्रत्येकाला झेपत नाही. घरी टोक तुटलं तर साध्या क्रिम्परने (प्लग दाबून बसवायच्या अवजाराने) बसवता येत नाही. आणि काचेतून वीज येत नाही म्हणजे पीओई (नेटच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणं) सुद्धा जमत नाही, तिथे कॅमेरा लावायचा झाला तर वेगळा वीजपुरवठा द्यावा लागेल.

प्रकाशवाट:
टोकं लावलेली फायबर तयार मिळते, क्रिम्पर लागतोच कशाला?

दिवाणखान्यात:
अवांतर विचारतो, राग मानू नका. माझ्या टीव्हीला केबल लावली की वाय-फायपेक्षा कमी स्पीड दिसतो. केबल खराब का?

शून्य_एक:
@दिवाणखान्यात बहुतेक टीव्हीचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. केबलचा दोष नाही, व्हिडिओला तेवढं पुरतंही. आणखी शंका असेल तर वेगळा धागा काढा.

जोडणीवाला:
थांबा सगळे! ध्वनीवेडी ताईंनी वर लिहिलेले आकडे कोणी वाचले का? ९४-९५ आणि सेकंदाला ११ मेगाबाइट. खराब केबल इतकी नेमाने एकाच आकड्यावर अडकत नाही, ती वरखाली होते. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट, म्हणजे दोन्ही आकडे एकच सांगतात: हा १०० एमबीपीएसच्या लिंकचा ठसा आहे. ताई, लॅपटॉपमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड काय दिसतो ते आत्ता बघा.

ध्वनीवेडी:
१०० दिसतोय. राउटर तर गिगाबिटचा आहे, लॅपटॉपही. असं का?

जोडणीवाला:
१०० ला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी कुठे सुटली असेल तर उपकरणं मुकाट १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. आधी दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड बदलून बघा. तरी १०० च असेल तर दोन्ही टोकांचे प्लग उजेडात समोरून धरा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पुढच्या कडेला तांब्याचे आठ चकचकीत ठिपके ओळीत दिसले पाहिजेत.

ध्वनीवेडी:
पॅच कॉर्ड बदलल्या, फरक नाही. घराकडच्या प्लगमध्ये आठ. खोलीकडच्यात सात! आठवी तपकिरी तार मागेच राहिलीये, पिनपर्यंत पोचलेलीच नाही. चार वर्षं हे असंच होतं?

जोडणीवाला:
असंच होतं. तो प्लग कापा, नवा लावा. समोरचा प्लग बघून रंगांचा क्रम तोच ठेवा. जोड्यांचे पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. कापलेल्या तारेचं टोक ब्लेडने खरवडूनही बघा. आत लाल तांबं दिसलं तर ठीक. चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, सीसीए. ती लवकर तुटते, रोधही जास्त, वर कॅट ६ छापलेलं असलं तरी. मग मात्र बदलाच.

ध्वनीवेडी:
भावाकडे क्रिम्पर होता, त्याला बोलावलं. खरवडलं, आतपर्यंत लाल. पहिला प्लग वाया गेला, दुसरा बसला. लिंक १०००. नेट २९५. ट्रॅक सेकंदाला १०८ मेगाबाइटने येताहेत, डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये. @जोडणीवाला दादा, मनापासून आभार!

तांबडी_तार:
अभिनंदन. तरी नवी टाकणार असाल तर शिल्डवाली बघा.

जुना_वायरमन:
छान झालं. पण ताई, करड्या रंगाची म्हणजे बहुधा घराआतली पीव्हीसी केबल. उन्हातल्या भागात आवरण हाताने वाकवून बघा.

ध्वनीवेडी:
सकाळी उजेडात पाहिलं काका. अंगणातल्या वळणावर बारीक भेगा आहेत, बोटाला पांढरी पूड लागते. पाऊस येण्याआधी बदलावीच लागेल, पण आज नको. माणसाला रविवारी बोलावलंय.

प्रकाशवाट:
तेवढ्या वेळात फायबरचा विचार करा, खरंच.

जुना_वायरमन:
तांबं टाकणार असाल तर बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिन आवरणाची कॅट ६ए, आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण). फायबर टाकणार असाल तर माझी हरकत नाही. काहीही घ्या, पाइप मात्र रुंद टाका, विजेच्या तारांपासून लांब, आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा. पुढची केबल तिलाच बांधून ओढता येईल.

ध्वनीवेडी:
पाइप आणि दोरी नक्की. बाकी रविवारपर्यंत ठरवते. आता एक गाणं मिक्स करायचं राहिलंय, ते करते.