प्रकाशक ८५ हजार मागतोय, देऊ का?

रात्रपाळी: नमस्कार मंडळी, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्युटी. तीन वर्षं कंपनीच्या बसमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी लिहून कादंबरी संपवली, ६२ हजार शब्द झालेत. पहिली सात प्रकरणं प्रतिलिपी ॲपवर टाकलीयेत, तिथे लोक फोनवर कथा वाचतात, पुढचा भाग कधी म्हणून मेसेज येतात. आता एका प्रकाशकाला दाखवली तर म्हणाले छान आहे, ५०० प्रती काढू, तुम्ही ८५ हजार भरा, १०० प्रती तुमच्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पाच हजार वेगळे. करारात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" एवढंच एक वाक्य आहे. बायको म्हणते एवढ्यात घराला रंग होईल. सही करू की ॲमेझॉनच्या किंडलवर ईबुक म्हणून स्वतःच टाकू?

जोडाक्षर: रंग द्या 😀 मी डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देते, वीस वर्षं झाली. आयएसबीएन सरकारी साइटवरून फुकट मिळतो, स्वतः छापणाऱ्या लेखकालाही मिळतो, त्याचे पाच हजार कसले? बाकीच्या ८५ हजारांचा हिशोब लेखी मागा, कागद किती जीएसएम म्हणजे किती जाड, मुद्रितशोधन कोण करणार, उरलेल्या ४०० प्रती विकल्या तर तुम्हाला किती. आणि फाइल युनिकोडमध्ये आहे का श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये ते सांगा. एकातून दुसऱ्यात नेताना रफार आणि जोडाक्षरं कुठेही जाऊन बसतात, "सूर्य"चं काय होईल सांगता येत नाही, आणि ते प्रूफ परत तुम्हालाच वाचायचंय, गृहीत धरा.

कलम१९: पैशापेक्षा ते एक वाक्य बघा भाऊ. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तुम्ही अगदीच उघड्यावर नाही, पण कायद्यावर विसंबून गप्प बसू नका, मुदत घालून घ्या, आणि ऑडिओ, ईबुक, अनुवाद, वेबसिरीज यातलं काय देताय ते एकेक लिहून घ्या. स्टोरीटेलसारख्या ऑडिओबुक ॲपवर लोक मराठी ऐकतात आता, तो हक्क फुकट का सोडायचा.

किंडलचं म्हणाल तर ७० टक्के रॉयल्टी भारतातल्या विक्रीवर हवी असेल तर ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. आणि सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेही नको, फुकटसुद्धा नको. तुमची सात प्रकरणं प्रतिलिपीवर आहेत ना, ती आधी काढावी लागतील, नुसता नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत चालतं.

शेवटचं_पान: एवढी घाई का पण? आधी दिवाळी अंकांना कथा पाठवा, मे-जूनमध्येच, गणपतीत पाठवलेली कोणी उघडतही नाही. माझ्या गेल्या वर्षी तीन आल्या, एकीचं मानधन होळीला आलं, एकीचा नुसता अंक आला आणि तिसरीचा अंक मी स्टॉलवर जाऊन विकत घेतला. पण एका संपादकांनी फोन करून शेवट बदलायला लावला, अर्धा तास बोलत होते, तेवढं माझ्या कथेबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं.

जोडाक्षर: @शेवटचं_पान त्यांच्याकडे कादंबरी तयार आहे हो, ती काय कथा करून पाठवणार. भाऊ, तुम्ही ५० प्रती डिजिटल प्रिंटिंगवर काढा, एका प्रतीला महाग पडतं पण कॉटखाली गठ्ठे पडून राहत नाहीत. मेसेज करणाऱ्या वाचकांकडून आधी पैसे घ्या, मग छापा.

रात्रपाळी: सगळ्यांचे आभार. प्रकाशकांना फोन केला, मुदत टाका म्हटलं तर म्हणाले आजवर कुणी मागितली नाही, विचारून सांगतो. कुणाला विचारणार, मालक तेच आहेत 😅 हिशोबाचं म्हटल्यावर रेंज गेली. @जोडाक्षर ताई, फाइल युनिकोडच आहे, पण अर्धीअधिक बसमध्ये फोनला बोलून टाइप केलीय, त्यात विरामचिन्हं येत नाहीत, ती नंतर घरी बसून घातली आणि "शेत"चं बऱ्याच ठिकाणी "शेठ" झालंय. अशी फाइल घेता का तुम्ही, आणि पानाला काय घेता?

जोडाक्षर: घेते. आधी एक प्रकरण पाठवा, शेठ मोजून मग रेट सांगते.