अपघाताची नोटीस कामगारानेच का द्यायची?

तिसरी_पाळी

आधी मेहुण्याची हकीकत सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

भोसरीतलं सात माणसांचं प्रेस-शॉप, पत्रा दाबून सुटे भाग काढणारं. १७ फेब्रुवारी २०२४, रात्री पावणेअकरा. ब्रॅकेटचा जॉब चालू होता. हात डायमध्ये (साच्यात) असताना प्रेस डबल पडली, एकदा दाबल्यावर दोनदा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. शेठने स्वतःच्या गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेलं आणि ६२,००० रुपयांचं बिलही भरलं. ते नाकारत नाही. पण कॅज्युअल्टीच्या खिडकीवर ‘कसं लागलं’ विचारल्यावर उत्तरही शेठनेच दिलं. केसपेपरवर आजही तेच आहे: ‘घरी शटर पडून इजा’. मेहुणा राहतो दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत. शटर सोडा, त्या दाराला धड कडी नाही.

महिन्याभराने २५,००० रुपये रोख दिले आणि शंभराच्या स्टँपवर सही घेतली, डाव्या हाताने. ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ आता भरपाईचं नाव काढलं तर शेठ म्हणतात, तू मला कधी नोटीस दिलीस?

अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात कलम १० आहे: अपघाताची नोटीस शक्य तितक्या लवकर द्यायची आणि दावा दोन वर्षांत करायचा. माझं म्हणणं इतकंच, की ज्याची लिहायची बोटं गेली त्याने नोटीस लिहायची आणि ज्याच्या डोळ्यांदेखत गेली त्याला ती ‘मिळायची’, हा कुठला न्याय? मालकाने २४ तासांत आयुक्तांना (या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना) कळवावं. ते कळवणं हाच दावा धरावा. नाही कळवलं तर अपघात कामावरचाच होता असं समजावं.

शेडमालक

मी ११ माणसांचं फॅब्रिकेशन चालवतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतला खलनायक. तरी बोलतो.

शटरची गोष्ट चूकच. पण ती का सांगितली जाते तेही ऐका. मी एकदा खरं सांगितलंय. ग्राइंडिंग व्हील फुटून पोराच्या डोळ्याला लागलं होतं, दवाखान्यात सरळ ‘कामावर’ म्हणालो. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली, रात्री दोनला पोलीस शेडवर, आयपीसी २८७ आणि ३३८, म्हणजे यंत्राबाबत हलगर्जी आणि गंभीर इजा. पुढची तीन वर्षं तारखा. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला, हजेरीबुकातला पगार आणि पॉलिसीतला पगार जुळत नाही. शेजारच्या गाळ्यात त्याच वर्षी दोघांचे हात गेले, त्याने कुणालाच कळवलं नाही. त्याच्या दारात आजवर कुत्रं फिरकलेलं नाही.

कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला शांत झोप, असा हिशोब असेल तर २४ तासांचा नियम करा नाहीतर २४ मिनिटांचा. लोक लपवणारच. वेळेत कळवणाऱ्यावर फौजदारी नको, एवढं करा. उद्यापासून सगळे कळवतील.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, कामगार न्यायालयातच उठबस असते. धागाकर्त्यांच्या शेठला कुणीतरी अर्धाच कायदा शिकवलाय.

कलम १० मध्येच लिहिलंय की मालकाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने अपघाताच्या सुमारास माहिती झाली असेल, तर नोटीस नव्हती म्हणून दावा अडत नाही. स्वतःच्या गाडीतून नेणाऱ्या माणसाला माहिती नव्हती? दवाखान्याचं बिल कुणाच्या खात्यातून गेलं ते शोधा. ६२,००० ची ती पावती हीच तुमची नोटीस.

स्टँपचं म्हणाल तर कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड झालीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवायला हवी होती. नोंदवली नाही तर पूर्ण रकमेची जबाबदारी कायम, आणि भरपाई म्हणून दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त, आयुक्तांनी वेगळं सांगितल्याशिवाय, वळते करता येत नाहीत. २५,००० मधले १२,५००, बस. दवाखान्याचा खर्च तर वेगळाच, तो मालकाचाच.

आकडा सांगतो. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के कमाईक्षमता गेली. वय आणि पगार कळवा.

मात्र धागाकर्त्यांच्या मागणीतला खरा मुद्दा त्यांच्याही नजरेतून सुटलाय. मालकाने कळवायचं कलम आहेच, १०ब. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की सात दिवसांत आयुक्तांना अहवाल. पण कुणी द्यायचा? ज्याला दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली अपघात कळवणं बंधनकारक आहे त्याने. म्हणजे मुख्यतः कारखान्याने. आणि आपल्या राज्यात विजेवर चालणारा कारखाना ठरायला आता २० माणसं लागतात. सात जणांचं प्रेस-शॉप त्या व्याख्येत कारखानाच नाही. जिथे गार्ड नाही, सेन्सर नाही, दोन्ही हात गुंतवणारी बटणं काढून पायाचं पॅडल लावलेलं असतं, नेमकं तिथे कळवायचं बंधन नाही. मोठ्या प्लांटात वरून खालपर्यंत सेफ्टी ऑफिसर आणि कागदाला कागद.

तिसरी_पाळी

वय ३० होतं, पगार १४,००० रोख. पावती कसली, वहीत सही.

एचआरवाली_चाकण

मोठ्या प्लांटचं एवढं कौतुक नको, पायरीसाहेब. मी तिथेच बसते. आमच्या गेटवर हिरवा बोर्ड आहे, ‘अपघातमुक्त दिवस’. आकडा चारशेच्या पुढे गेला की सुपरवायझरना पेढे. मग कंत्राटी मुलाचं बोट चेपलं की काय होतं? त्याला ‘आजारपणाची सुट्टी’. ४८ तासांपेक्षा जास्त गैरहजर राहिला तर कारखाना निरीक्षकाला कळवावं लागतं, म्हणून तिसऱ्या दिवशी बँडेजसकट आणून टूल रूमच्या खुर्चीवर बसवतात. काम काही नाही. हजेरीचा पंच मारायचा आणि बसायचं.

ईएसआयमधल्यांना (कर्मचारी राज्य विमा) निदान दार आहे. २१,००० पर्यंत पगार असेल तर मालकाने फॉर्म १२ (अपघाताचा अहवाल) ऑनलाइन भरायचा, २४ तासांत. बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि कायमच्या अपंगत्वाला पेन्शन. एकदा ईएसआय लागलं की मग १९२३ च्या कायद्यात जाता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

शेडमालक, तुमच्याकडे ११ जण आहेत म्हणता. मग ईएसआय नोंदणी आहे ना?

शेडमालक

आहे. ११ पैकी ८ जणांची.

(हे लिहायला नको होतं.)

हातगाडा_७८

मी कामगार. २२ वर्षं पॉवरलूमवर काढली, इचलकरंजीत. तरीही धागाकर्त्यांच्या विरोधात बोलतोय.

मालकाने कळवायचं आणि तेच दावा धरायचं म्हणता. अहो, मालकाने कळवलंच होतं की! ‘घरी शटर पडलं’ हे त्याचं कळवणं. उद्या तोच मजकूर २४ तासांत सही-शिक्क्यानिशी आयुक्तांकडे जाईल. पहिला कागद ज्याच्या हातचा, पुढचं सगळं त्याच्या बाजूने. मग खोडून काढत बसा जन्मभर.

माझ्या लूममधला एक जण शटलने डोळा फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी भाच्याकडून अर्ध्या पानावर लिहून घेऊन पोस्टात गेला. तारीख, वेळ, लूमचा नंबर, शेजारच्या दोन लूमवर कोण होतं त्यांची नावं. पुढे मालक म्हणाला, हा त्या दिवशी कामावरच नव्हता. तेव्हा ते अर्धं पान कामी आलं. नोटिशीचं ओझं म्हणू नका. कामगाराच्या हातात राहणारी तेवढी एकच गोष्ट आहे, तीही मालकाला द्यायला निघालात. (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात गेलंय, पोचपावती मात्र मागून घ्या.)

तिसरी_पाळी

पटतंय, पण पूर्ण नाही. तुमच्या माणसाला लिहिता येणारा भाचा होता. मेहुणा परभणीचा, इथे कुणी नाही. गुंगीतून उतरला तेव्हा केसपेपर लिहून झाला होता. त्याला कायदा कुणी सांगायचा? २०१७ पासून त्याच कायद्यात कलम १७अ होतं म्हणे, कामावर घेतानाच भरपाईचे हक्क लेखी सांगायचे, त्याला समजेल अशा भाषेत. न सांगितल्यास ५०,००० ते एक लाख दंड. इथल्या कुणाला असा कागद मिळालाय का? खरंच विचारतोय.

एचआरवाली_चाकण

आमच्याकडे देतो. १४ पानी जॉइनिंग किटात नवव्या पानावर, इंग्रजीत. सही घेतो.

धाराशिवकर

विषय निघालाच आहे तर आमच्याकडची केस सांगतो. साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवरून निघालेला. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. साल २००३. इथल्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. उच्च न्यायालयाने ते काढून घेतलं, कारण अपघात रस्त्यावरचा, कामावरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये परत दिलं. घरून ड्युटीला जाता-येताना झालेला अपघात, वेळ-जागा-कामाचा संबंध दिसत असेल तर, कामातलाच. बावीस वर्षं. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता बापाच्या वयाची झाली असतील.

शेडमालक

म्हणजे आता कात्रजच्या खड्ड्यात पडला तरी माझ्याच माथी? शेड मी सांभाळेन, रस्ता कसा सांभाळू? आणि मला तो अपघात कळणार कधी? इथे तुमची कामगाराची नोटीस हवीच हवी. रस्त्यावरच्या अपघाताला मालकाला ‘माहिती होतीच’ असं कसं म्हणणार?

कोर्टाची_पायरी

हे तुमचं बरोबर आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत (१९२३ च्या कायद्याच्या जागी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून) जाण्या-येण्यातला अपघात कायद्यातच घातलाय, तेव्हा नोटिशीचं महत्त्व तिथे वाढणार. माझं मत विचाराल तर शेडच्या आत मालकाने कळवावं, मग माणसं दोन असोत की दोनशे, शेडबाहेर कामगाराने. हातगाडा म्हणतात त्यावर उपाय एकच: मालकाच्या अहवालावर जखमीचा जबाब आणि सही असल्याशिवाय तो घेऊच नये.

शेडमालकांच्या फौजदारी माफीला मात्र माझा विरोध. गार्ड काढून ठेवणाऱ्याला फोन लवकर केला म्हणून सोडायचं? आणि विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांना सांगतो, भरपाई विमा कंपनी देईल, पॉलिसीत असेल तर व्याजही देईल, पण उशिराचा दंड ५० टक्क्यांपर्यंत बसतो आणि तो मालकाच्याच खिशातून जातो.

शेडमालक

माफी नको म्हणता, मग लपवाछपवीही सहन करा. गार्ड काढलेला मालक वेगळा आणि गार्ड असून अपघात झालेला वेगळा. पोलिसांच्या कागदावर दोघं सारखेच दिसतात.

कोर्टाची_पायरी

तिसरी_पाळी, तुमचा हिशोब. १४,००० चे ६० टक्के ८,४००. कायद्याच्या तक्त्यात तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. त्यांचा गुणाकार १७,४७,०३२. त्याचे २० टक्के ३,४९,४०६ रुपये. अपघाताच्या तारखेपासून १२ टक्क्यांनी व्याज, आजवरचं ऐंशी हजारांच्या आसपास. अपघात जुन्या कायद्याच्या काळातला, हक्कही त्याच दिवशी तयार झालेला.

केसपेपरवर ‘शटर’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. जखमेचं वर्णन मागवा. प्रेसने तुटलेलं बोट आणि शटरखाली चेपलेलं बोट, शल्यचिकित्सकाला वेगळं दिसतं. त्या पाळीला आणखी कोण होतं?

तिसरी_पाळी

दोघं होते. एक अजून तिथेच कामाला आहे, तो बोलणार नाही. दुसरा गावी गेलाय, त्याचा नंबर आहे. भरपाईचा अर्ज परभणीतून टाकता येतो का? मेहुणा आता तिकडेच असतो, शेळ्या सांभाळतो.

कोर्टाची_पायरी

येतो, राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडे. गावी गेलेल्याला आजच फोन लावा. आणि नोटीस कुणी द्यायची हा वाद इथे आरामात चालू द्या. दोन वर्षं १६ फेब्रुवारीला पूर्ण होतात, त्याआधी अर्ज पडू द्या.