गायरानातला सेंद्रिय कर्ब कसा मोजायचा?

प्रश्न: ५ एकर मुरमाड कुरण आहे, आळीपाळीने चराई सुरू करतोय. सेंद्रिय कर्ब (मुळं-पाला कुजून मातीत साठलेला कार्बन) मोजायला मातीचा नमुना किती खोल घ्यावा?

उत्तर: ३० सेंमी. पण नुसता कर्बाचा टक्का पुरत नाही, ठरावीक मापाची नळी ठोकून मातीची घनताही (एका घन सेंमीत किती ग्रॅम कोरडी माती) काढा. कर्ब ०.५ टक्के, घनता १.४ असेल तर ०.५ × १.४ × ३०, म्हणजे हेक्टरी २१ टन. २ मिमीवरचे खडे चाळून वजा करा, नाहीतर आकडा फुगतो.

उत्तर: चुनखडी असेल तर ‘सेंद्रिय कर्ब’च तपासायला सांगा, एकूण कर्बात चुन्यातलाही धरतात.

उत्तर: दादा, पहिल्या पावसावर लगेच गुरं सोडू नका. पवना-मारवेल गवताचा कोवळा फुटवा खाल्ला की मुळं खुरटतात, आणि कर्ब जमिनीत मुख्यतः मुळांवाटेच जातो. चार बोटं गवत उरलं की गुरं पुढच्या तुकड्यात हलवा.