मदत हवी आहे: जुनं डोमेन घेण्याआधी त्यावर पूर्वी काय होतं ते कसं बघायचं? (तातडीचं)

पिंपळगावकर
मेहुण्याच्या बेदाण्याच्या धंद्यासाठी वेबसाइट करायची आहे. हवं ते नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलंय. विकायला तयार आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत पैसे द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणतो. त्या नावावर आधी काय चालायचं ते कसं कळेल? "गूगल करा" म्हणू नका प्लीज, तेच करून डोकं फिरलंय.

सातपूरकर
डॉट कॉम की डॉट इन? किती मागतोय? विकणारा मालक आहे की मधला दलाल?

गोदाकाठ
नाव सांगा ना, लगेच बघून देतो.

पिंपळगावकर
नाव इथे टाकलं तर दुसरा कुणी सौदा करेल. डॉट कॉम आहे. 2012 पासूनचं जुनं आहे म्हणून 40 हजार म्हणतोय. मालकच आहे.

वेबसुतार
डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअपमध्ये नाव टाकून 'क्रिएशन डेट' (नोंदणीची तारीख) बघा. हा 2012 म्हणतोय आणि तिथे बरंच पुढचं साल असेल, तर मधे कुणी रिन्यू केलं नाही, नाव सुटलं आणि नव्याने नोंदलं गेलं. मग जुनेपणाचे पैसे कशाचे? मालकाचं नाव 2018 पासून बहुतेक झाकलेलं असतं, तारखा मात्र दिसतात.
मग वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्ह 1996 पासून पानांच्या प्रती साठवतंय. वर वर्षांची पट्टी येते, तिच्यातल्या प्रत्येक वर्षाचं एखादं पान उघडा. पहिलं आणि शेवटचं बघून थांबू नका, घाण मधल्या वर्षांत असते.

दिंडोरीचा बागाईतदार
वेबसाइट कशाला हवी? आमच्याकडे सगळा माल व्हॉट्सॲपवर जातो. पिंपळगावला बेदाण्याचा भाव काय निघाला या आठवड्यात?

गोदाकाठ
दादा, भावाचा वेगळा धागा काढा.

मराठीप्रेमी
डॉट भारत घ्या. देवनागरीत नाव मिळतं, आपली भाषा पुढे जायला हवी.

पिंपळगावकर
@वेबसुतार, क्रिएशन डेट 2022 निघाली! वेबॅकमध्ये 2014 ला कुठल्यातरी क्लासची साइट, मग काहीच नाही, आणि 2021 मध्ये सगळं जपानी. हँडबॅगा, घड्याळं. हे काय आहे?

वेबसुतार
नकली मालाची दुकानं. साइट हॅक करून नाहीतर सुटलेलं नाव उचलून अशी हजारो पानं चढवतात. स्पॅमहाउसवर (स्पॅमवाल्या नावांची काळी यादी ठेवणारी संस्था) नाव तपासा. तिथल्या यादीत असेल तर मेहुण्याची कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातील.

सातपूरकर
इतकं घाबरवू नका हो. मी असंच नाव घेतलं होतं. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलने साइटवर केलेली कारवाई दिसली, रिकन्सिडरेशन (फेरविचाराचा अर्ज) टाकलं, निघाली.

वेबसुतार
ती तुम्हाला पैसे गेल्यावर दिसली. मी म्हणतो आधी बघा. विकणाऱ्याकडे कन्सोलचा ॲक्सेस मागा.

सातपूरकर
नुसत्या पार्क केलेल्या, म्हणजे साइट न चालवता घेऊन ठेवलेल्या नावाला कुठला कन्सोल?

वेबसुतार
डीएनएसमध्ये (नावाच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलने दिलेली मजकुराची एक ओळ टाकली की नाव कन्सोलला जोडता येतं, साइट लागत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. ते करायलाही तयार नसेल तर सोडून द्या.

कॉलेज रोड
नावात कुणाचा ब्रँड आहे का? असेल तर ट्रेडमार्कवाला यूडीआरपीखाली (डोमेन नावांच्या वादासाठीची आयकॅनची नियमावली) तक्रार करून नाव काढून घेऊ शकतो.

पिंपळगावकर
ब्रँड नाही, गावाचं नाव आहे. कन्सोलचं विचारलं तर "आधी टोकन टाका" म्हणतो. शेवटी 'ॲग्रो' लावलेलं नाव रिकामं दिसतंय, पण मेहुणा म्हणतो लांबलचक होतंय.

वेबसुतार
टोकन अजिबात टाकू नका. ॲग्रोवालं नोंदवा. पण रिकामं आहे म्हणजे कोरं आहे असं धरू नका, त्याचीही वेबॅक आधी उघडा.