रक्तपेशीत बसलेल्या मलेरियाच्या परजीवीला बाहेरून खुराक कशाला?

प्रश्न : तांबडी पेशी हिमोग्लोबिनने गच्च भरलेली असते. तरी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवताना) आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, लागतंच, असं का? आणि परजीवी एकाच वयाचे राहावेत म्हणून सॉर्बिटॉल (साखरेसारखा पदार्थ) वापरतात, त्याने फक्त मोठे परजीवीच का मरतात?

उत्तर १ : परजीवी सायटोस्टोम नावाच्या खळगीतून हिमोग्लोबिनचे घोट घेतो. आम्लधर्मी अन्नपोकळीत प्लाझ्मेप्सिन आणि फाल्सिपेन ही विकरं त्याचे तुकडे करतात. उरलेलं हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) विषारी, म्हणून त्याचे स्फटिक बनतात. स्लाइडवर दिसणारा तपकिरी ठिपका तो हाच. मलेरियावरचं क्लोरोक्विन नेमकं हे स्फटिक बनणंच अडवतं. आता गोम अशी, की प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन औषधालाही नसतं. ते बाहेरूनच यायला हवं.

उत्तर २ : सॉर्बिटॉलचं गणित वेगळं. साधी तांबडी पेशी त्याला जवळजवळ आत घेत नाही. परजीवी वाढला की पेशीच्या पडद्यात नव्या वाटा पाडतो, पोषकद्रव्यांसाठीच. त्याच वाटांनी सॉर्बिटॉल शिरतं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुटते. कोवळ्या, अंगठीसारख्या दिसणाऱ्या रिंग अवस्थेत त्या वाटा नसतात, म्हणून ते परजीवी वाचतात. ५ टक्के द्रावण, ३७ अंश, १० मिनिटं. आधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) बघाच. ट्रोफोझोइट, म्हणजे वाढलेले परजीवी, जास्त असतील तर अख्खं कल्चर हातचं जाईल.

उत्तर ३ : प्युरिन (डीएनएसाठी लागणारे घटक) हेही परजीवीला स्वतः बनवता येत नाही. कल्चरच्या आरपीएमआय १६४० या पोषक द्रावणात हायपोझँथिन हे प्युरिन नसतं, लिटरला ५० मिलिग्रॅम घाला. नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. आधी थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा.

प्रश्नकर्ता : म्हणजे सॉर्बिटॉल त्याच्याच जेवणाच्या दारातून शिरतं तर!