रक्त पातळ असलं तरी ऊतीच
ऊती म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह. अनेकांना प्रश्न पडतो, की रक्त वाहतं, मग ते हाडाच्या पंगतीत, संयोजी (जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या) ऊतींमध्ये कसं? मलाही नववीत हे पटलं नव्हतं. घट्ट की पातळ हे बघूच नका. पेशी सुट्या सुट्या आणि त्यांच्या मधे भरपूर आधारक, म्हणजे पेशींमधला भराव, ही संयोजी ऊतीची खूण. हाडात तो आधारक कॅल्शियमच्या क्षारांनी टणक झालेला असतो, रक्तात तो द्रवरूप, म्हणजे प्लाझ्मा. रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग तोच. याउलट अभिस्तर ऊतीत, म्हणजे त्वचा किंवा गालाच्या आतलं अस्तर अशा ऊतीत, पेशी एकमेकींना खेटून, मधे जागा जवळजवळ नाहीच.

घरात मटण शिजत असेल तर हाडाच्या टोकाला पांढरी, गुळगुळीत, कुरकुरीत टोपी बघा. ती कास्थी (कूर्चा), हीसुद्धा संयोजी ऊतीच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गुडघ्यातली झिजली की लवकर भरून येत नाही.

अभिस्तर ऊतीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तर गालाच्या पेशींची स्लाइड करा: टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून अलगद खरवडायचा, ते काचपट्टीवर पसरायचं, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एकच थेंब टाकायचा आणि वरची पातळ झाकणकाच (कव्हरस्लिप) तिरकी धरून हळूच सोडायची. मी ती धपकन टाकली होती आणि काळ्या कडेचा गोल दिसल्यावर ‘पेशी सापडली!’ म्हणून वर्गभर ओरडलो. तो हवेचा बुडबुडा होता. खरी पेशी फिकट निळी, वेडीवाकडी, आत गडद केंद्रकाचा ठिपका, आणि कडा बऱ्याचदा दुमडलेली.